म्हातारी पाणी टाकते कुठे?

माझ्या वडिलांना एखादी गोष्ट तीनदा विचारली की चौथ्यांदा ते उत्तर देत नाहीत, चष्मा पुसायला लागतात. त्या सोमवारी त्यांनी तो इतका पुसला की काच झिजली नाही हेच नशीब.

"बाबा, सरळ सांगा. पाणी भरलं होतं की नव्हतं?"

"भरलं होतं."

"गळ्यापर्यंत?"

"गळ्यापर्यंत."

"मग गेलं कुठे?"

चष्मा.

प्रश्न बाबांच्या पिकअपचा होता. ती बाबांहून तेरा वर्षांनी लहान आहे, तरी घरात तिला सगळे म्हातारीच म्हणतात. गोल दिवे, मागे लाकडी फळ्यांचा हौदा, आणि हॉर्न असा की ऐकणाऱ्याला वाटावं कुणीतरी नाक शिंकरलं. सुताराच्या कारखान्यातली टेबलं आणि कपाटं त्या हौद्यातून टेकडीवरच्या घरांत पोचवायची, हे बाबांचं काम. निवृत्त हो म्हटलं की त्यांना बहिरेपण येतं.

दोन आठवड्यांत म्हातारी चढावर दोनदा उकळली. दुसऱ्यांदा दादा मदतीला गेला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मोठ्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसतो आणि घरी आला तरी त्या खुर्चीतून उतरत नाही. गाडी थंड झाल्यावर त्याने रेडिएटर उघडून पाहिला, तर अर्धा रिकामा. त्याच संध्याकाळी त्याने निकाल देऊन टाकला.

"बाबा पाणी भरायला विसरतात. उद्या ब्रेक दाबायला विसरतील. रविवारी मी गिऱ्हाईक आणतोय."

आईने तोंड उघडलं, तर दादाने यादी वाचली. गेल्या महिन्यात चष्मा फ्रिजमध्ये सापडला. गोळ्या घेतल्यास का, हे बाबांनी आईला एका तासात दोनदा विचारलं. शेजाऱ्यांच्या नव्या सुनेला जुन्या सुनेच्या नावाने हाक मारली. यादी खरी होती.

मग बाबा बोलले. "पानाला बघू दे. गाडीत दोष निघाला तर ती दुरुस्त करेल. नाही निघाला, तर दोष माझ्यात आहे. किल्ली मी स्वतः देईन."

पाना म्हणजे मी. लहानपणी बाहुली टाकून पाना घेऊन झोपायचे, तेव्हापासूनचं नाव. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे, आणि दादाला ते अजून माझा छंद वाटतो. तेव्हा माझ्या हाती सहा दिवस होते. गाडीत दोष सापडला नाही, तर माझे वडील गेले कामातून, असा कागद माझ्याच सहीने निघणार होता.

सोमवारी मी हसत सुरुवात केली. पाणी जातंय म्हणजे कुठूनतरी जातंय, त्यात काय एवढं! रेडिएटरचं झाकण काढून त्या जागी टेस्टर लावला, पंप मारून आत दाब भरला आणि काट्याकडे बघत बसले. अर्ध्या तासात काटा केसभर हलला नाही. म्हणजे कुठे गळती नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

मंगळवारी सगळे होज पाईप पिळून पाहिले, वॉटर पंपाखाली कोरडा कागद धरला. कागद कोरडाच राहिला. तेलात पाणी मिसळलं असेल म्हणून तेल काढून पाहिलं, तर ते स्वच्छ. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली पट्टी, उडालं असेल तर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात. तासभर इंजिन चालू ठेवून मी त्या भोकात डोळे घालून बसले, एक बुडबुडा येईल तर शपथ. थर्मोस्टॅट, म्हणजे तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा पडदा, चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला. तो शहाण्यासारखा उघडला आणि शहाण्यासारखा मिटला. चहाला मात्र दोन दिवस ग्रीसचा वास येत होता.

आणि हे सगळं चालू असताना बाबा स्टुलावर बसून फडक्याने गाडी पुसत. पन्नास वर्षांची सवय. गाडी थांबली की पुसायची. रेडिएटर पुसायचा, पाईप पुसायचे, बॉनेटची आतली बाजूसुद्धा पुसायची.

"बाबा, फडकं ठेवा आधी! गळतीचे डाग पडतात, त्यावरून तर कळतं. तुम्ही पुरावाच पुसून ठेवता."

"घाण दिसते गं."

"दिसू दे!"

त्यांनी फडकं ठेवलं. पाच मिनिटांनी बघते तर हातात रुमाल.

बुधवारी माझं डोकं फिरायच्या बेतात होतं. मी वही काढली आणि एखाद्या डॉक्टरसारखं विचारलं, "हे नेमकं कधीपासून सुरू झालं?"

बाबांनी जरा विचार केला. "तू सर्व्हिसिंग केलंस ना, त्यानंतर."

मी वही आपटली. "म्हणजे माझ्यामुळे? तेल नवीन घातलं, फिल्टर नवीन, बेल्ट नवीन, तुमच्या त्या गंजक्या झाकणाच्या जागी नवंकोरं झाकण लावलं, आणि आता माझ्यावर ढकला! पाणी भरायला विसरता ते विसरता, वर..."

बोलून गेले. शेजारच्या दुकानातला रेडिएटरवालासुद्धा हातातलं काम टाकून बघायला लागला.

"तसं नाही म्हणालो गं," बाबा म्हणाले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

गुरुवारी त्याच रेडिएटरवाल्याला बोलावलं. त्याने रेडिएटर उतरवला, एका बाजूने पाणी सोडून दुसऱ्या बाजूने किती येतं ते पाहिलं, आणि पुन्हा चढवून दिला. "ताई, ही गाडी ठणठणीत आहे," बाबा ऐकत नाहीत असं बघून तो हळूच म्हणाला. "आता माणसाला तपासा."

मला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग याचा आला, की मलाही तेच वाटायला लागलं होतं. चार दिवस मी बाबांना चुकीचे ठरण्यापासून वाचवायला धडपडत होते, आणि आतून दादाच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते. शुक्रवारी संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, उद्या बघते. उद्या बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

एकच गोष्ट राहिली होती. गॅरेजमध्ये उभी असताना म्हातारी साध्वीसारखी वागत होती. माल घालून तिला चढावर नेली नव्हती.

शनिवारी सकाळी सुताराकडून दोन कपाटं आणि एक जाडजूड टेबल हौद्यात चढवलं. निघण्याआधी बाबांनी रेडिएटर भरला. मी शेजारी उभी राहून पाहिलं. हिरवं पाणी गळ्याशी येऊन थांबलं, त्यांनी त्यात बोट बुडवलं, बोट मला दाखवलं, आणि झाकण लावलं. मग स्टिअरिंगवर जाऊन बसले.

पहिल्या वळणापर्यंत तापमानाचा काटा मधोमध. दुसऱ्या वळणावर हलला. तिसऱ्यावर लाल रेघेला टेकला. "थांबवा!" मी ओरडले आणि गाडी पुरती थांबायच्या आत उडी मारली.

बॉनेट उघडलं तर वाफ. पण त्या वाफेत मी सहा दिवस शोधत होते ते दिसलं. रेडिएटरच्या गळ्याशेजारून एक बारीक नळी खाली जाते, जास्तीचं पाणी बाहेर सोडायला. तिच्या टोकातून गरम हिरवं पाणी पिचकारीसारखं रस्त्यावर उडत होतं. उडत होतं आणि तापलेल्या रस्त्यावर वाळून जात होतं. उरलेसुरले शिंतोडे बाबा संध्याकाळी पुसून टाकत असणार.

मी झाकणाकडे हात नेला.

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "अर्धा तास. भाजशील."

अर्धा तास तर अर्धा तास. ते दगड घेऊन चाकांमागे लावायला गेले, आणि मी हात पुसायला फडकं शोधत डॅशबोर्डचा खण उघडला. फडकी चार होती. त्यांच्याखाली एक छोटी डायरी.

बाबांच्या अक्षरात रोज एक ओळ. तारीख आणि पुढे "भरलं." गाडी पहिल्यांदा उकळली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ओळी लांबत गेल्या. "भरलं. दोनदा पाहिलं." "भरलं. बोट बुडवून पाहिलं." "भरलं. कॅन रिकामा झाला, म्हणजे भरलंच." दादाने निकाल दिला त्या दिवसापर्यंतच्या अशा नऊ ओळी होत्या. आणि त्या नऊच्या नऊ ओळींपुढे, दुसऱ्या शाईने, नंतर कधीतरी बसून, त्यांनी एकेक शब्द जोडला होता.

"बहुतेक."

मी तशीच गाडीच्या पायरीवर बसले. सहा दिवस मी ज्या माणसाला उलटसुलट विचारत होते, त्याने स्वतःला त्याहून कडक तपासलं होतं, आणि शेवटी आमचं ऐकून स्वतःवरचा विश्वास सोडला होता.

इंजिन थंड झालं. मी झाकण काढलं, हातात घेतलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. नवंकोरं, चकचकीत, मी स्वतः बसवलेलं. म्हणूनच त्याच्यावर संशय घेतला नव्हता. गळ्याच्या आतल्या कडेला बोटाने ग्रीस लावलं, झाकण घट्ट बसवलं, पुन्हा काढलं. खालचं रबर कडेला टेकत असेल, तर त्याला ग्रीस लागायला हवं होतं.

रबर कोरडं होतं.

जुन्या गाड्यांचा गळा खोल असतो. आजचं झाकण वर बसतं, फिरतं, टक्क आवाजही करतं, पण त्याचं रबर खालपर्यंत पोचतच नाही. मग आत दाब धरत नाही, आणि चढावर पाणी लवकर उकळून त्या नळीतून निघून जातं. हे मला ठाऊक आहे, दुसऱ्यांच्या गाड्यांना मी गळा मोजल्याशिवाय झाकण लावत नाही. घरच्या गाडीला घाईत फळीवरचं उचलून लावलं. आणि टेस्टर? टेस्टर झाकण काढून त्याच्या जागी लावतात. त्याचं स्वतःचं रबर लांब असतं. अख्ख्या गाडीत एकच वस्तू मी तपासली नव्हती, ती म्हणजे माझी.

तेवढ्यात दादाचा फोन. "पाना, गिऱ्हाईक उद्या दहाला येतंय. निघाला का काही दोष?"

बाबा जवळच उभे होते. मी स्पीकर चालू केला.

"निघाला. तीन आठवड्यांपूर्वी मी चुकीचं झाकण लावलं. तेव्हापासून रोज पाणी बाहेर जातंय. बाबा रोज भरत होते."

पलीकडे आवाज चढला. "तू? तुला कसं..."

"झाकणच खराब निघालं असेल," बाबा मध्येच म्हणाले. "हल्ली माल तसाच येतो."

"झाकण चांगलं आहे, बाबा. मी चुकले. बुधवारी तुम्ही मला सांगितलंत, आणि मी तुमच्यावरच ओरडले." मग फोनकडे तोंड करून म्हटलं, "दादा, गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांग." आणि फोन ठेवला.

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मी भरत होतो?"

"भरत होतात."

"रोज?"

"रोज, बाबा. गळ्यापर्यंत."

मी जुन्या ट्यूबचं रबर कापून चकती केली आणि झाकणाखाली बसवली, टेकडी चढून जाण्यापुरती. बाबांनी कॅन आणला, रेडिएटर भरला, बोट बुडवलं नाही. मग त्यांना पायरीवर राहिलेली डायरी दिसली. ते ओशाळले, पण हात पुढे केला.

"पेन दे."

बॉनेटवर डायरी ठेवून त्यांनी वरून सुरुवात केली. एकेक ओळ वाचायची आणि पुढचं "बहुतेक" खोडायचं. घाईने नाही, सरळ रेघ मारून. नऊ झाल्यावर त्यांनी खाली आजची तारीख घातली, पुढे लिहिलं, "भरलं," आणि पूर्णविराम इतका दाबून दिला की मागच्या पानावर उमटला.