सायमोनेच्या टाक्या आणि अकरावा प्रश्न

टोंगातल्या हापाई बेटांवरच्या पांगाई गावात सरकारी कागद भरायची वेळ आली की लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग लेसिएलीचं. व्यापारी मंडळानं तिला नेमलं होतं ते एवढ्याचसाठी. सरकारी टेंडर भरायचं तर आधी पात्र कंपन्यांच्या यादीत नाव लागतं, आणि ती यादी तीन वर्षांतून एकदाच होते. लेसिएलीनं पाववाल्याचं नाव यादीत घातलं होतं, होडीवाल्याचं घातलं होतं, अगदी शाळांचे गणवेश शिवणाऱ्या दोन भांडखोर बहिणींचंही घातलं होतं. तिनं हात टेकले ते एकट्या सायमोनेपुढं.

सायमोने पाण्याच्या सिमेंटच्या टाक्या बांधायचा. हापाईच्या बेटांवर विहिरीचं पाणी खारट, तेव्हा छपरावरून टाकीत उतरेल तेच प्यायचं. त्यामुळं चांगल्या टाकीवाल्याला इथं डॉक्टरांइतका मान. पण मागच्या खेपेला या बाबानं फॉर्म स्वतःच भरला. 'तुमच्या कंपनीची क्षमता सांगा' या प्रश्नापुढं लिहिलं, 'आम्ही अडाणी माणसं. आमच्या टाक्या लहान आणि ओबडधोबड आहेत. राज्यात याहून चांगलं काम करणारे पुष्कळ असतील. वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी.' राजधानीतल्या कचेरीनं त्याचं म्हणणं जसंच्या तसं मान्य करून शून्य गुण दिले.

यात सायमोनेचं काय चुकलं, हे सांगणं अवघडच आहे. टोंगात माणूस लग्नाला चाळीस डुकरं घेऊन गेला तरी 'ही क्षुल्लक भेट पदरात घ्या' असंच म्हणतो. भेट घेणाऱ्याचा मातापुले, म्हणजे सरदाराच्या वतीनं बोलणारा, उठून त्या डुकरांना आभाळापर्यंत चढवतो. देणाऱ्यानं कमी सांगायचं, घेणाऱ्यानं जास्त, आणि खरं काय ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. त्या फॉर्मला तेवढं ठाऊक नव्हतं.

या खेपेला मात्र गंमत नव्हती. सायमोनेच्याच हाताखाली काम करणाऱ्या त्याच्या मुलाला, कितिओनेला, ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामाला बोलावणं आलं होतं. वय सव्वीस, आणि एका जागी नुसतं बसून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो सरळ म्हणाला होता की यादीत नाव लागलं तर शाळांच्या टाक्यांचं काम मिळेल, मग मी थांबतो. नाही लागलं तर महिनाअखेरच्या बोटीनं जातो. गेलेली पोरं परत येतात, नाही असं नाही. पण पुढच्या वर्षी पुन्हा जातात, आणि मग तिसऱ्या वर्षी फक्त फोन येतो. 'जाऊ नकोस' हे शब्द सायमोनेच्या तोंडून निघेनात. त्याऐवजी तो नारळाच्या दुधात शिजवलेला अळूच्या पानांचा लू घेऊन लेसिएलीच्या कचेरीत येऊन बसला.

"काका, आतापर्यंत टाक्या किती बांधल्या?" लेसिएलीनं पेन उघडलं.

"असतील दोन-चार."

"मी मोजून आलेय. एकेचाळीस आहेत."

"मग मला कशाला विचारतेस?"

"वादळात किती पडल्या?"

"देवाची कृपा होती."

"देवाच्या कृपेला गुण नाहीत, काका. आकडा सांगा."

सायमोनेनं पंजांनी तोंड पुसलं. "पोरी, आपल्याच तोंडानं आपली टिमकी वाजवली, तर शुक्रवारी चारचौघांत कावा प्यायला कुठल्या तोंडानं बसू?"

दोन दिवस हेच चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. लेसिएली मूळची तापट; तिसऱ्या दिवशी तिनं फॉर्म टेबलावर आपटला आणि आपटतानाच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. देणारा बोलत नसेल तर घेणाऱ्यानं बोलावं. फॉर्मला शिफारसपत्रं जोडायची सोय होतीच. ती तडक शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या मातापुलेकडं, हाकेआई नावाच्या गृहस्थाकडं गेली. त्याच्या गावात सायमोनेच्या सात टाक्या होत्या.

हाकेआई सकाळी जो बोलायला लागला तो जेवणाच्या वेळेला थांबला. सायमोनेच्या टाकीच्या पाण्यानं त्याचे गुडघे बरे झाले होते. त्या टाकीकडं बघून परगावच्या मुली गावात सून म्हणून यायला तयार झाल्या होत्या. लेसिएलीनं गुडघे आणि सुना गाळल्या आणि उरलं ते लिहून घेतलं. नऊ वर्षं, दोन वादळं, सात टाक्या, एकीलाही भेग नाही. आणखी दोन गावांतून तशीच पत्रं आली. त्यांच्या आधारानं तिनं पहिले दहा प्रश्न भरले. ते वाचून दाखवताना सायमोने ओसरीवर कानांत बोटं घालून बसला होता, हे तिनं स्वतः पाहिलं.

अकरावा प्रश्न असा होता: 'तुमच्या कामात आलेला दोष सांगा आणि तो कसा दूर केला ते लिहा.' या प्रश्नापाशी सगळ्यांची बोबडी वळायची. पाववाल्यानं 'काही नाही' असं लिहिलं होतं. गणवेशवाल्या बहिणींनी एकमेकींची नावं लिहिली होती. सायमोनेचा चेहरा मात्र खुलला. त्यानं पेन मागितलं, जादा कागद मागितले, आणि मान खाली घालून अडीच पानं लिहिली.

लेसिएलीनं पहिल्या पानावर नजर टाकली आणि कपाळावर हात मारला. नळ वाकडा बसला, झाकण लहान पडलं, पाया दोन बोटं कलला, तारखांसकट सगळं. ती म्हणाली, एवढं नका पाठवू, एखादा दोष पुरे.

"त्या दहा उत्तरांत माझं काही नाही," सायमोने म्हणाला. "हे एवढंच माझं आहे. हे काढलंस तर मी सही करणार नाही."

विमानाची टपालाची पिशवी अर्ध्या तासात बंद होणार होती. उरलेली पानं वाचायला वेळ नव्हता. तिनं फाइलसाठी प्रत काढली, पाकीट बंद केलं आणि मनातल्या मनात कितिओनेला निरोप दिला.

उत्तर आलं ते बोट सुटायच्या तीन दिवस आधी. बापलेक दोघंही आले. कितिओनेची नवी बॅग घरी भरून तयार होती. लेसिएलीनं पत्र मोठ्यानं वाचलं. अकराव्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण. एवढं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुणाचंच नव्हतं. कंपनी पात्र, पण एका अटीवर.

"'आपल्या उत्तरावरून कामाचा दर्जा श्री. कितिओने यांच्या गिलाव्यावर अवलंबून असल्याचं दिसतं. ते पुढील तीन वर्षं कंपनीत राहतील असं त्यांच्या सहीनं कळवावं. अन्यथा नाव यादीत घेता येणार नाही.'"

"माझं नाव त्यांना कुणी सांगितलं?" कितिओनेनं विचारलं.

सायमोने एकाएकी शेजारच्या फणसासारख्या ब्रेडफ्रूटच्या झाडाकडं लक्ष देऊन बघायला लागला. लेसिएलीनं फाइल काढली, न वाचलेलं शेवटचं पान शोधलं आणि पोराच्या हातात दिलं.

'चार टाक्या गळल्या,' सायमोनेनं लिहिलं होतं. 'चारही मी गिलावा केलेल्या. माझा हात आता थरथरतो आणि ते लपवायला मी घाई करतो. माझ्या मुलानं गिलावा केलेली एकही टाकी गळलेली नाही. माझ्या चारही त्यानं मला न सांगता दुरुस्त केल्या. मला हे कळलं आहे, हे त्याला माहीत नाही. तो जाणार आहे. आमच्या कंपनीत याहून मोठा दोष नाही आणि तो कसा दूर करावा ते मला समजत नाही.'

कितिओनेनं ते दोनदा वाचलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझा गिलावा मी ओळखतो," सायमोने झाडाकडं बघतच म्हणाला. "तो माझा नव्हता. चांगला होता."

"मग मला का नाही बोललात?"

"बापानं आपल्याच पोराचं कौतुक करायचं असतं का?"

लेसिएलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. कितिओनेनं शर्टाच्या बाहीला नाक पुसलं आणि पेनासाठी हात पुढं केला.

"सही करायच्या आधी विचार कर," सायमोनेला राहवेना. "तिकडं पगार बरा असतो. आमचं काय, आमचं काम तसं किरकोळच—"

"बाबा, आता तीन वर्षं गप्प बसा," कितिओने म्हणाला, आणि त्यानं सही केली.

सायमोनेनं कागद डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला. "अक्षर काही खास नाही पोराचं," तो लेसिएलीला म्हणाला. मग त्यानं आपला थरथरता हात मुलाच्या मानेवर ठेवला, आणि ते दोघं पायऱ्या उतरून रस्त्याला लागले तरी तो हात तिथंच होता.