जानेवारीतलं शिकागो

"न्यूयॉर्क नको, बाय," हुसैनमियाँ म्हणाले. "वॉशिंग्टन नको, आणि तो जुगाराचा गाव तर नकोच नको. फक्त शिकागो. जानेवारीत."

तृप्तीने कीबोर्डवरची बोटं उचलली. मस्कतच्या रुवी भागातल्या या ट्रॅव्हल एजन्सीत ती अमेरिकेच्या सहली विकायची आणि आजवर जानेवारीतलं शिकागो मागणारा एकही माणूस तिच्या टेबलापुढे बसला नव्हता.

"चाचा, तिथं तेव्हा नाक जागेवर आहे का, ते हात लावून बघावं लागतं."

"असू दे."

"बोटी बंद असतात. तळ्याच्या काठी उभं राहवत नाही. मग बघणार काय?"

"गाव बघेन. लोकं ऱ्हातात ना तिथं? मग मी पण ऱ्हाईन." एवढं बोलून त्यांनी पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि तो दोन्ही हातांनी तिच्याकडे सरकवला.

'ऱ्हाईन' हा शब्द तृप्तीच्या कानात खटकन वाजला. तिचा स्वभावच संशयी. दुकानदाराने दिलेलं दूध ती घरी आल्यावर पुन्हा हुंगायची. नवरा, प्रितम, मस्कतहून पाच-सहा तासांवरच्या दुक्मच्या रिफायनरीवर इंजिनिअर होता. तो व्हिडिओ कॉलवर हसला, तर आपण काय विनोद केला हे ती आधी आठवून बघायची. "मम्मा, यू डाउट एव्हरीवन," असं तिची मुलगी मैत्री म्हणायची, आणि पोरीला हे कोणी शिकवलं असेल, याचाही तृप्तीला संशय यायचा.

पण इथे संशय घेणं हे तिचं कामच होतं. टुरिस्ट म्हणून अमेरिकेला जाऊन तिथेच गायब होणाऱ्या माणसाला ऑफिसात कबूतर म्हणत. गेल्या वर्षी तिच्या टेबलावरून दोन कबुतरं उडाली होती. एक न्यूयॉर्कच्या हॉटेलातून नाश्त्यालाच खाली आलं नाही. दुसरं ऑर्लँडोत, बायको झोपाळ्यात बसलेली असताना, पाणी आणतो म्हणून गेलं ते गेलंच. मॅनेजर अहमद भला माणूस होता, पण त्या दिवशी त्याने दार लावून घेतलं आणि सांगितलं, "तृप्ती, एंबसीमें अपना नाम खराब हो गया. तीसरा उडा तो अर्बाब मेरेको नहीं, तेरेको बोलेगा खलास." अर्बाब म्हणजे एजन्सीचा ओमानी मालक. प्रितमला कंत्राटावर कुटुंबाचा व्हिसा नव्हता, म्हणून तृप्तीची नोकरी गेली की तिचा आणि मैत्रीचा इथला व्हिसा गेला. मग मैत्रीची शाळा अर्ध्यात सोडून अंबरनाथला परत जायचं.

आणि हुसैनमियाँ हे तिसरं कबूतर आहे, याची तिला आता जवळजवळ खात्री पटत चालली होती.

मस्कतमधल्याच गाला भागात त्यांचं पाण्याच्या पंपांचं छोटं दुकान होतं. मूळ गाव रत्नागिरीकडचं. पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, अमेरिकेतली सगळी मोठी शहरं समजावून सांग, त्यातलं एक निवडतो. तृप्ती खुलली. ती स्वतः अमेरिकेला कधीच गेली नव्हती, पण ती शहरं तिला माहेरच्या गल्ल्यांएवढी पाठ होती. पहिल्यांदाच जाणार असाल तर न्यूयॉर्क, असं ती प्रत्येकाला सांगायची. आपल्या माणसांना ती त्यात कोलंबिया विद्यापीठ हमखास घालायची, बाबासाहेब शिकले ते. आणि पैसे साठले की आपण स्वतःही आधी तिथेच जायचं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. सॅन फ्रान्सिस्को सुंदर, पण चढउतारांनी गुडघे बोलायला लागतात. लॉस एंजेलिसला गाडी नसेल तर माणूस पांगळा. वॉशिंग्टनची म्युझियमं फुकट, पण मुलं कंटाळतात. लास व्हेगास नमाजी माणसाने का घ्यावं?

हुसैनमियाँनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येक शहराला एकच प्रश्न विचारला. "तिथं आगगाडी डोक्यावरनं जाते काय?"

दुसऱ्या खेपेला विचारलं, "समुद्रासारखं पाणी हाय, पण खारट नाय, असा गाव कुठला?" स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नाही, पूल नाही, शॉपिंग नाही. कोणता टुरिस्ट असं विचारतो? आपली माणसं कुठल्या भागात राहतात, रात्री उशिरापर्यंत कुठली हॉटेलं उघडी असतात, तिथं भांडी घासायला कोण असतं, हेही त्यांनी हळूच विचारून घेतलं. त्या रात्री तृप्तीला नीट झोप लागली नाही. या वयात म्हातारा भांडी घासायला चाललाय की काय?

पासपोर्ट ठेवून ते गेल्यावर तिने ठरवलं, घर बघायचं.

ही तिची स्वतःची पद्धत होती. फाइल घ्यायच्या आधी काहीतरी निमित्त काढून ती गिऱ्हाइकाच्या घरी जायची. लग्न जमवायला गेल्यासारखी बसायची, चहा घ्यायची आणि नजर फिरवायची. फ्रिज भरलेला आहे का, खिडकीत कुंडी आहे का, बायकोने लोणचं घातलंय का? लोणचं मुरवत ठेवणारी माणसं पळून जात नाहीत, असा तिचा सिद्धांत होता. दोन कबुतरं उडाली ती या सिद्धांताच्या आधीची, असं ती अहमदला ठासून सांगायची.

हुसैनमियाँ दुकानात असतील अशी वेळ बघून ती त्यांच्या फ्लॅटवर गेली. फ्लॅट रुवीतच, मागच्या गल्लीत. त्यांच्या बायकोने, खैरुन्निसाने, दार उघडलं. ठेंगणी, गोरी, डोळ्याखाली काळं धरलेली बाई.

"ट्रॅव्हल्समधून आलेय. चाचांच्या तिकिटाचं थोडं विचारायचं होतं."

"या या. रत्नागिरीचं ना? जानेवारीत पुतणीच्या लगनाला चाललेत ते. मी म्हटलं मी पण येतंय, तर म्हणाले तुझे गुडघे नायत तसे."

रत्नागिरी! तृप्तीने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, म्हणजे चेहरा झाकला गेला. बायकोलासुद्धा थाप मारलेली. आता काय उरलं? घरात लोणच्याची बरणी होती, कुंडीत कढीपत्ता होता, आणि त्या सगळ्याला टाकून म्हातारा उडणार होता.

खैरुन्निसाने नारळाच्या वड्या पुढे केल्या. "घ्या, माझा अरहम आला तर म्हणून करून ठेवते. येत कुठं हाय तो! दुक्मला असतो."

"मुलगा? दुक्मला कुठे?"

"रिफायनरीत. दोन वर्षं झाली बघा. तिथं नेटवर्क नाय म्हणे. ह्यांना कधी कधी दुकानावर फोन येतो त्याचा, मी तिथं नसते तेव्हाच नेमका."

तृप्तीच्या हातातली वडी तशीच राहिली. प्रितम एक आठवडा सोडून गुरुवारी घरी यायचा. रोज रात्री त्याचा कॉल यायचा, इतका स्वच्छ की मागच्या भिंतीवरची पालसुद्धा तिला दिसायची.

"तुमचे मिस्टर कुठं असतात?" खैरुन्निसाने विचारलं.

"इथेच," तृप्ती म्हणाली. आयुष्यात इतक्या पटकन ती कधी खोटं बोलली नव्हती. "इथे मस्कतमध्येच."

जिना उतरताना ती हिशोब लावत होती. बाप खोटं बोलतो, मुलगा दुक्मला नाही. मग तो आहे कुठे? ही बाई दोघांच्या मध्ये बसून वड्या थापतेय. खैरुन्निसाची दया आली तशी तिला हुसैनमियाँची चीड आली. असल्या माणसाची फाइल आपण हातात धरणार नाही, हे तिने त्या जिन्यातच पक्कं केलं.

रविवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी नीट केलेली. तृप्तीने पासपोर्ट ड्रॉवरमधून काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"चाचा, मी तुमच्या घरी गेले होते. चाचींना मी काही बोलले नाही. पण माझा नवरा दुक्मला आहे, रिफायनरीतच. तिथे नेटवर्क आहे. तुमचा मुलगा तिथे नाही."

हुसैनमियाँनी मागे वळून पाहिलं. अहमद त्याच्या केबिनमध्ये फोनवर होता. बाकी कोणी नव्हतं.

"शिकागोला हाय," ते म्हणाले. "म्हंजे असावा. तुझ्यामुळं कळलं मना."

मग ते बोलत गेले. अरहम दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका एजंटाकडून टुरिस्ट म्हणून अमेरिकेला गेला, आणि परतीच्या विमानात बसलाच नाही. "तुम्ही लोक काय म्हणता त्याला? कबूतर ना? तुमच्या साहेबाला बोलताना ऐकलं मी." कागद नाहीत, म्हणून पोरगा घाबरून असतो. महिनोन् महिने फोन नाही, केला तरी शहराचं नाव घेत नाही, कोण ऐकत असेल म्हणतो. फक्त मधूनच काहीतरी बोलून जातो. 'अब्बा थांबा, डोक्यावरनं गाडी जातेय.' 'अब्बा, इथं दर्यासारखं पाणी हाय, पण गोडं, बोंबील कुठला मिळायला!' एकदा हसत हसत म्हणाला, आज लोकांनी नदीत हिरवा रंग ओतलाय. तो मार्चमधला शिकागोचा सण, हे तृप्तीला माहीत होतं.

"हॉटेलात भांडी घासतो एवढं सांगतो. पाच म्हयने झाले, फोन नाय. म्हणून एकेक गाव तुला विचारत होतो."

"आणि चाचींना?"

"तिचं हार्ट कमजोर हाय. दुक्म म्हटलं की तिला वाटतं, गाडी केली तर एका दिवसात पोचू." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी जाईन, हॉटेलं फिरेन. भेटला तर भेटला. पण मी परत येईन, बाय. ती इथं हाय ना."

तृप्ती त्यांच्याकडे बघत राहिली. सवयीने तिच्या मनात आलंच, म्हातारा नाटक तर करत नसेल? असल्या गोष्टी तिने खूप ऐकल्या होत्या. पण बोंबलाचं कोणी बनवून सांगत नाही. तिने कॉम्प्युटर आपल्याकडे वळवला.

"अर्ज भरूया," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून तिलाच आश्चर्य वाटलं. अहमद, अर्बाब, मैत्रीची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, तरी तिची बोटं चालत राहिली. नाव, जन्मगाव, धंदा. हुसैनमियाँ शाळेत उत्तरं द्यावीत तसे ताठ बसून सांगत होते. मग एका प्रश्नापाशी ती थांबली.

"पुढचं काय?" त्यांनी विचारलं.

"मुलगा, मुलगी, बायको, यातलं कोणी अमेरिकेत आहे का?" ती हळू म्हणाली. "एंबसीतही हेच विचारतील. हो म्हणालात तर कुठे आहे, कशावर आहे, सगळं विचारतील. व्हिसा मिळणार नाही. शिवाय त्याचं नाव त्यांच्यासमोर जाईल."

"आणि नाय म्हटलं तर?"

तृप्तीने बोटं कीबोर्डवर ठेवली. लोकांच्या पोटातलं काढून घेण्यात तिचा दिवस जायचा. आज तिला काही ऐकायचं नव्हतं. त्यांनी फक्त 'नाय' म्हणावं, आपण ते लिहावं, आणि पुढचं जे होईल ते होवो, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

हुसैनमियाँनी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"घरी खोटं बोललो, ता तिच्या जिवासाठी," ते शेवटी म्हणाले. "पण तिथं माझं कोण नाय असं लिहून द्यायचं, आणि त्यालाच शोधायला जायचं? आणि तो भेटला तर त्याला काय सांगू, तुला नाय म्हणून आलो?"

"चाचा, एकच शब्द आहे."

"होय. एकच हाय." त्यांनी पासपोर्ट उचलला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. "ऱ्हाऊ दे, बाय. त्याचं नाव नको जायला कुणासमोर. तू घरी बोलली नायस, उपकार झाले."

ते गेल्यावर अहमद बाहेर आला. "फाइल नहीं बनी? अच्छा हुआ, बच गई तू." तृप्ती हो म्हणाली. वाचल्यासारखं मात्र तिला काही वाटेना.

आठवडाभराने दुपारी काचेचं दार उघडलं आणि हुसैनमियाँ आत आले. या वेळी मागे खैरुन्निसा होती, बुरख्याची कड सावरत, एकेक पाऊल जपून टाकत. त्यांनी तिला टेबलापुढच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. तिचे डोळे सुजलेले होते. तिला सगळं सांगितलं गेलं होतं, हे विचारायची गरज नव्हती.

"हिला सांग," ते म्हणाले. "मना सांगितलंस ना शहरांचं, तसं. मना नीट सांगता येत नाय."

पलीकडच्या खुर्चीत एक जोडपं न्यूयॉर्कच्या चौकशीला येऊन थांबलं होतं. तृप्तीने त्यांना हाताने बसा अशी खूण केली आणि स्क्रीन खैरुन्निसाकडे वळवला. इमारतींच्या मधून वाहणारी नदी, लोखंडी खांबांवरून जाणारी गाडी, पलीकडचा काठ न दिसणारं पाणी.

"चाची, हे शिकागो," ती म्हणाली. "मोठं आहे, पण चांगलं आहे. माणसं बोलकी आहेत म्हणतात. नदीकाठाने चालायला वाट आहे. आपल्या लोकांची एक अख्खी गल्ली आहे, तिथे मटण मिळतं, मसाले मिळतात."

"हलाल?"

"हलाल."

खैरुन्निसाने मान हलवली. तिने स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि रस्त्यावरून चाललेल्या, कोटात गुंडाळलेल्या बारीक बारीक माणसांकडे एकेक करून बघितलं.

"आणि गो," तिने विचारलं, "आता या वक्ताला तिथं दिवस हाय का रात?"