वरची कोरी ओळ

"वर काहीही लिहायचं नाही. नाव नाही, गाव नाही, देवाचं नावसुद्धा नाही. फक्त नंबर. खूण दिसली की पेपर बाद."

दत्तोपंत गुरुजींचे हे शब्द देवकाबाईला आठवले, तेव्हा सेलूच्या शाळेची घंटा होऊन गेली होती आणि फाटक बंद झालं होतं. दहीसाखरेची रिकामी वाटी तिनं पदराखाली घट्ट धरली. आत्ताच, याच फाटकाशी, लेकीच्या तळव्यावर दही ठेवताना ती सवयीनं म्हणाली होती, "पयले श्री लिवजो, मंगच बाकीचं." आणि कोकिळेनं मान हलवली होती.

पाटी हातात घेतल्यापासून कोकिळेनं श्री काढल्याशिवाय काही लिहिलं नव्हतं. लेकीचं पहिलं अक्षर तुझं, असं देवकाबाईनंच केळझरच्या गणपतीपुढं कबूल केलं होतं. तिला स्वतःला वाचता येत होतं ते तेवढंच एक अक्षर.

तिनं शिपायाला विनवून पाहिलं.

"भाऊ, सातवीच्या शिष्यवृत्तीले बसली आहे माही पोरगी. एवढं सांगून या ना तिले."

"आता निरोप नाई, बाई. कलेक्टरची पोरगी असली तरी नाई."

निंबाखाली बबनराव टोपीनं वारा घेत बसले होते. गावच्या शाळेचे अध्यक्ष. त्यांची लेक सुमतीही आत पेपराला बसली होती. गावात ती दरवर्षी पहिली यायची, आणि तो नंबर वाचताना गुरुजी मान वर करत नसत.

"बसा ना, देवकाबाई. चेहरा काऊन उतरला? चिंता तं मले पाहिजे," ते हसले. "पेपर कोण तपासते, हेच कोणी सांगून नाई राह्यलं. वशिला लावाव तं कोणाले लावाव?"

तिला हसू आलं नाही. याच परीक्षेसाठी गुरुजी घरी आले होते. "तिथं कोकिळा कोणाची, हे कोणालाच कळणार नाही," असं तिच्या नवऱ्याला, चंद्रभानला, सांगताना त्यांचा आवाज दबला होता. चंद्रभाननं हो म्हटलं होतं, पण अट घालून. शिष्यवृत्ती मिळाली तर सिंदीचं हायस्कूल. नाही तर सातवीनंतर चूल.

आणि आता पेपर बाद झाला, तर तो तिच्याच तोंडच्या शब्दानं होणार होता.

संकष्टीचा उपवास होता. सकाळपासून ओठांवर चाललेला जप तिथंच थांबला. रोज ज्याला हाक मारायची, त्याला ती पुटपुटली, "बाप्पा, आज तिच्या हातून तुहं नाव उतरू देऊ नको. तुहं अक्षर मी आणून देईन. आजच. पायी."

बोलून झालं आणि आपण काय मागितलं ते तिला कळलं. तिनं घाईनं दोन्ही गालांना हात लावले.

घंटा झाली. पोरं ओरडत बाहेर पडली. कोकिळा सगळ्यांच्या मागून आली, खाली पाहत.

"आई, रागावू नको."

देवकाबाईनं तिची हनुवटी वर केली.

"लिवलं?"

"नाई लिवलं. हात सारखा तिथंच जाऊन राह्यला होता. मंग वरच्या ओळीवर डावा हात ठेवला, पेपर होतवर."

देवकाबाई खालीच बसली. तिनं उजवा तळहात पदरानं पुसून लेकीपुढं केला.

"पेन काढ. इथं लिव."

"हातावर?"

"लिव."

कोकिळेनं सावकाश, वेलांटी नीट वळवत श्री काढलं. शाई वाळेपर्यंत दोघी त्यावर फुंकर घालत राहिल्या.

"आई, पेपर कसा गेला ते नाई विचारलं तू."

"ते तपासणारे पाहतीन," देवकाबाई उठली. "सुमतीसंगं एसटीनं जाजो. बाबाले सांगजो, मले उशीर होईन."

तिनं चपला काढून लेकीच्या पिशवीत घातल्या. घामानं अक्षर पुसू नये म्हणून मूठ सैल ठेवली, आणि ती केळझरच्या रस्त्याला लागली.