गळ्यात पडलेली माळ

मी माळ बोलतेय, तुळशीच्या मण्यांची. देवाधर्माचं काही ऐकायला मिळेल असं वाटलं असेल, तर आधीच सांगते, ते माझ्याकडून व्हायचं नाही. मला दारू सोडवायला आणलं होतं.

आमच्या भंडाऱ्याकडे ही रीतच आहे. माणूस फार प्यायला लागला की घरचे त्याच्या गळ्यात माळ घालतात. मग गाव म्हणतं, "त्यानं माळ घातली," म्हणजे सोडली. खरंच सोडायची आहे का, हे त्याला कोणी विचारत नाही!

मंदाबाईनं मला सानगडीच्या बाजारातून आणलं. तिचा नवरा टेकचंद धानाच्या शेतीत राबणारा गडी, पण मोहाची दारू पोटात गेली की त्याच्यातला माणूस उरत नसे. लिव्हर पार गेलंय, यापुढे प्याल तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मंदाबाई घाबरली बिचारी. चार पाहुणे बोलावले आणि त्यांच्यासमोर मला त्याच्या गळ्यात घातलं.

"आता माळेची लाज ठेवजा, कैलाशचे बाबा."

टेकचंदनं मान हलवली. सोडायचं त्याच्या मनातही नव्हतं. चारचौघांत नाही म्हणायची हिंमत नव्हती, एवढंच.

तरी वर्षभर तो प्यायला नाही. गावानं वाहवा केली, मंदाबाईला झोप लागू लागली. धास्ती मलाच होती. कुठे दारूचा वास आला की तो मला मुठीत गच्च आवळायचा. सगळा भार माझ्यावर! अरे बाबा, मी लाकडाचे मणी अन् सुताचा दोरा. मी तुला किती दिवस धरून ठेवणार?

शेजारचा गोमाजी पूर्वी याच्याहून जास्त प्यायचा. त्याच्या गळ्यात माळबिळ काही नव्हती. एकदा बांधावर टेकचंदनं त्याला विचारलं, "तुनं कशी सोडली गा?"

"नशेत नातीले उचललो, अन् हातातून पडली. तिचा हात अजून वाकडाच हाये. प्याची आठवण आली का मी तो हात पायतो. तुले कायच्यासाठी सोडाची हाये?"

"मले कायच्यासाठी? मंदीनं माळ घातली ना!"

गोमाजी आपल्या कामाला लागला.

यंदा रोवणी चालू होती. टेकचंद वाकून धानाची रोपं उचलत होता, तेवढ्यात दोरा अडकला आणि मी तुटले. मणी चिखलात पडले. बाया शोधायला लागल्या. टेकचंद मात्र ताठ उभा राहिला आणि हसला. शाळा सुटलेल्या पोरासारखा हसला हो!

"माळच तुटली. आता माह्यावर कायचं बंधन?" म्हणाला, आणि चिखलाच्या पायांनी तसाच निघाला.

"अवो, थांबा! आत्ताच ओवून देतो!" मंदाबाई मागून ओरडत होती.

आठ दिवस तो पीत होता. मग रक्ताची उलटी झाली आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. सापडले तेवढे मणी ओवून मंदाबाई मला तिथे घेऊन आली. गळ्यात घालायला वाकली, तर त्यानं तिचा हात बाजूला केला.

"नको घालू, मंदा. आता मलेच सोडाची हाये. मले जगाचं हाये वो. कैलाशचं लगन पायाचं हाये."

वर्षभर मी त्याच्या छातीवर होते, पण असा आवाज तिथून कधी ऐकला नव्हता. दोन दिवसांनी तो गेला.

गाव म्हणालं, माळ झिडकारली म्हणून मेला. मंदाबाईलाही तेच खरं वाटलं. त्याचे शेवटचे शब्द तिनं कोणालाच सांगितले नाहीत, कामासाठी नागपूरला असलेल्या कैलाशलासुद्धा.

आता कैलाश गावीच राहतो. काल तो झोकांड्या खात घरी आला. आज सकाळी अंगणात मान खाली घालून बसलाय, आणि मंदाबाई मला घेऊन त्याच्यामागे उभी आहे.

अगं बाई, मला खाली ठेव. त्याच्यासमोर बस. 'तुझा बाप जगायचं म्हणत होता, तुझं लग्न बघायचं म्हणत होता,' एवढं तरी सांग त्याला! मग सोडायची की नाही, ते त्याचं त्याला ठरवू दे.

तिनं मला त्याच्या गळ्यात घातलं. कैलाशनं मान हलवली.