उष्टी हवा

"मॅडम, आधीच्या पेशंटची उष्टी हवा तुमी मले देता का?"

विचारला प्रश्न! एका दमात विचारला! शाळेतून निघताना देवश्री आणि अदिती या माझ्या मैत्रिणींनी शर्तच लावली होती. "पोट्टे, डॉक्टरसमोर तू फक्त मुंडी हलवशील, लिहून घे," असं अदिती म्हणाली होती. मागच्या वर्षीपर्यंत तिचं बरोबरही होतं. माझ्या डाव्या कानाच्या पडद्याला लहानपणापासून छिद्र आहे. तो कान वाहतो आणि त्या बाजूने कोणी बोललं तर मला अर्धंच कळतं. म्हणून मी सगळ्यांनाच मान हलवून हो म्हणायची. यंदा दहावीत आल्यापासून मात्र बिनधास्त सांगते, "सर, परत सांगा, ऐकू नाही आलं." काही होत नाही, सर परत सांगतात!

पण हा प्रश्न नुसता गमतीचा नव्हता. आमच्या घरी सगळे तांब्या वर धरून पाणी पितात. कोणाचं तोंड लागलं की आई तो तांब्या लगेच घासायला टाकते. त्यात मे महिन्यात अमरावतीहून मैनाआत्याचा फोन आला. भुलीच्या मशीनची एकच नळी दिवसभर सगळ्या पेशंटला लागते म्हणे. "आधीच्याले टीबी असन तर?" झालं! माझं ठरलेलं ऑपरेशन आईबाबांनी रद्द केलं. आज अकोल्यात कानाच्या डॉक्टरांनी परत तपासलं आणि सांगितलं, "आणखी थांबलात तर आतली नाजूक हाडं झिजतील. मग गेलेलं ऐकणं परत आणणं अवघड." आणि त्यांनी आम्हाला भूल देणाऱ्या अनसूया मॅडमकडे पाठवलं.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "उष्टी हवा," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पंचवीस वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं गं." त्यांनी खणातून एक बंद पाकीट काढून फोडलं. आत लाडवाएवढी पारदर्शक डबी होती आणि डबीत पांढऱ्या कागदासारख्या घड्याच घड्या.

"हा फिल्टर. तुझ्या तोंडातली नळी तुझ्या एकटीची, नवी. पुढे मशीनची नळी. दोन्हींच्या मध्ये हा. श्वास जाताना यातून जातो, हवा येताना यातूनच येते."

बाबा खुर्चीच्या काठावर सरकले. फिल्टर हा त्यांचा विषय! आमची वांगी आणि शेवंती ठिबकवर आहेत. "फिल्टर आमच्याकडे बी हाये, मॅडम. दर आठ दिवसांनी जाळी काढतो, धुतो, परत बसवतो. तरी बारीक गाळ जातेच."

"म्हणजे हा बी धुऊनच वापरत असन," आई माझ्या चांगल्या कानात पुटपुटली, पण मॅडमना ऐकू गेलंच.

"नाही ताई. एक पेशंट, एक फिल्टर. आणि दादा, ही नुसती जाळी नाही. धागे इतके दाट गुंतलेले असतात की जंतू जाता जाता कुठेतरी धडकतो आणि तिथेच चिकटतो."

"सगळे चिकटतात?" मी.

"सगळे नाही."

आईने बाबांकडे पाहिलं. गेलं, हेही ऑपरेशन गेलं!

"खोटं कशाला बोलू?" मॅडम म्हणाल्या. "प्रयोगशाळेत जंतूंचा फवारा मारून पलीकडे किती गेले ते मोजतात. चांगल्या घडीच्या फिल्टरमधून हजारात एखादा जातो, कधी तोही नाही. हलक्या फिल्टरमधून जास्त जातात. म्हणून आम्ही घडीचेच घेतो. आणि टीबी आहे हे माहीत असलं तर असं ऑपरेशन आम्ही पुढे ढकलतो. थांबणं शक्यच नसेल तर सगळ्यांत शेवटी घेतो आणि नळ्याही टाकून देतो."

मला कोरोनातला मास्क आठवला. "पण श्वासाच्या वाफेने फिल्टर ओला झाला तर? ओला मास्क काही कामाचा नाही राहत."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "अगं, हे तर माझे शिकाऊ डॉक्टरसुद्धा विचारत नाहीत! काही फिल्टर ओले झाले की कमी पडतात. घडीचा सहसा पाणी पलीकडे जाऊ देत नाही. तरी त्यात थुंकी किंवा रक्त गेलं की आम्ही मध्येच बदलतो."

बाबांनी डबी उचलून उलटसुलट पाहिली आणि कोणाला काही कळायच्या आत तिला तोंड लावून फुंकर मारली. "हवा तर मस्त जाते!"

"अवो!" आई ओरडली.

मॅडमनी शांतपणे डबी त्यांच्या हातातून घेतली आणि टेबलाखालच्या पिवळ्या कचरापेटीत टाकली. कोरी करकरीत डबी!

आई वाकून त्या पेटीत बघतच राहिली. "फेकूनच देला व माय!" आणि तिने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. मग ती हसली, बाबा हसले आणि माझे तर खांदेच हलके झाले. मॅडमचं इतकं समजावणं एकीकडे आणि ही पेटी एकीकडे. तोंड लागलं म्हणून टाकून देणारं माणूस आईला आपल्यातलंच वाटलं असणार.

"सोमवारी घेऊ," मॅडम म्हणाल्या. "तुझा तिसरा नंबर."

"पयला भेटन नाही का?" बाबांनी विचारलं.

"पहिला चार वर्षांच्या पोराचा. त्याला जास्त वेळ उपाशी कसं ठेवणार?"

बाहेर आलो तर बाबांनी खिशातून फोन काढला. "एकडाव मैनाले विचारून घेतो, मंग ठरवू."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दोघांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, आत्याले फोन करा, पण विचाराले नाही, सांगाले. आई, तू बी ऐक. सोमवारी तिसऱ्या नंबरवर माझं ऑपरेशन हाये अन मी ते करून घेऊन राहिली."