राखाडी ओळ

भोंगा वाजला की मामांचं बोट सव्वा सेकंदात 'ऐकलं' या बटणावर पडे, आणि नजर संगणकाच्या पडद्यावर पोचायला तीन सेकंद लागत. पडदा तयार करणारी इंजिनियर ती; तिने घड्याळ लावून चाळीस वेळा मोजलं होतं. मधल्या पावणेदोन सेकंदांत मामा न वाचलेल्या इशाऱ्याला गप्प करत.

यात मामांचा दोष नव्हता. बॉयलरच्या या खोलीत पंचवीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं. जुन्या फलकावर भोंगा बंद केला तरी बिघाड निघेपर्यंत दिवा जळत राही. आधी कान सोडवायचे, मग दिवा शोधायचा. तिने तयार केलेल्या नव्या पडद्यावर मात्र बटण दाबताच लाल ओळ राखाडी होऊन यादीच्या तळाशी जाई. पडदा स्वच्छ दिसावा म्हणून ही युक्ती तिनेच काढली होती. सगळ्यांनी कौतुकही केलं होतं.

यातली खोट तिला अकरा दिवसांपूर्वीच कळली होती. 'होईल सवय' अशी ती स्वतःची समजूत घालत होती. आज चार वाजता, अजून सोबतीला चालू ठेवलेल्या जुन्या फलकाच्या तारा कापायच्या होत्या. आता अडीच वाजले होते.

"ताई, तुमचा पडदा भारी सोशिक हो," मामा म्हणाले. "एकदा गप म्हटलं की पुन्हा तोंड उघडत नाही. आमच्या घरी असं एकही माणूस नाही."

फलकामागे बसून तारांना चिठ्ठ्या बांधणारा वायरमन खो खो हसला. तिने ओठांवर आलेलं वाक्य पुन्हा गिळलं.

तेवढ्यात भोंगा वाजला. बोट पडलं. मामांची नजर वर जाते न जाते तोच दुसरा इशारा आला, आणि त्यांना दिसली ती त्याचीच लाल ओळ: राखेचं दार उघडं.

"हे दार म्हणजे डोक्याला ताप आहे नुसता," म्हणत त्यांनी खाली फोन लावला. ती हातातल्या घड्याळाकडे बघत होती. तळाशी गेलेली ओळ तिनेही वाचली नाही.

"मामा," फलकामागून आवाज आला, "इथला एक दिवा अजून जळतोय. पाण्याचा. ह्याला कुठली चिठ्ठी लावू?"

मामांनी फोन टाकला. बॉयलरला पाणी देणारा पंप बंद पडून दीड मिनिट झालं होतं. पाण्याची पातळी पस्तीस टक्क्यांवर होती. बघता बघता एकतीस. पंचवीसला भट्टी आपोआप विझते आणि अख्खी कागद गिरणी थांबते. नाहीच विझली, तर कोरड्या पडलेल्या नळ्या फुटतात, आणि खाली राखेपाशी चार माणसं होती. मामांनी दुसरा पंप सुरू केला. अठ्ठावीस. सत्तावीस. आकडा अडला, आणि मुंगीच्या पावलांनी वर सरकू लागला.

दार ढकलून साहेब आत आले. "पातळी का घसरली? मामा, इशारा तुम्ही ऐकलात अशी नोंद आहे. ऐकून हातावर हात ठेवून बसलात?"

"लक्ष नव्हतं साहेब," मामा खाली बघत म्हणाले.

"मग उद्यापासून राखेच्या कामावर जा. इथे तरुण माणूस बसवू. आणि चारची वाट कशाला बघायची? फलक आत्ताच कापा."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," वायरमन पुटपुटला, पण त्याने पक्कड उचलली. मामा चष्मा पुसू लागले. साहेबांनी तिच्यापुढे पडदा सोपवल्याचा कागद धरला. "मॅडम, पडदा झकास चालतोय. तुमची सही तेवढी राहिली."

तिने पेन हातात घेतलं आणि टेबलावर ठेवून दिलं.

"सही करणार नाही. मामांचं लक्ष होतं. ओळ पडद्याने लपवली, कारण तो मी तसा केलाय. मला अकरा दिवस हे ठाऊक आहे. तारा कापू नका. पडदा मी परत घेते."