तीस मे, राखीव

शनिवार, दिनांक १३ फेब्रुवारी १९९९, सकाळी साडेदहा. कार्यालये दोन, कॅलेंडर एक. आप्पासाहेबांची दोन मंगल कार्यालये होती, एक बारामतीला आणि एक इंदापूरला. दोन्हीकडच्या तारखा दोन्हीकडून दिसाव्यात म्हणून इंटरनेटवर सामाईक कॅलेंडर बसवण्याचे काम संघपालांनी घेतले होते. तंत्रनिकेतनात शिकवून निवृत्त झालेला माणूस. अधिकारही त्यांनी मोजूनमापून वाटले. तारीख लिहिण्याचा अधिकार फक्त दोन्ही व्यवस्थापकांना, स्वतःला केवळ पाहण्याचा. घेतलेला दिवस लाल दिसेल, गिऱ्हाइकाचे नाव झाकलेले राहील.

इंदापूरच्या कार्यालयातले काम उरकल्यावर ते तिथल्या व्यवस्थापकाला, सोपानला म्हणाले, "आता पहिली नोंद आमची करा. आमच्या दिशाचं लग्न. तीस मे, रविवार."

लेकीचे लग्न भर उन्हाळ्यात मांडवात नको, पंख्याखाली व्हावे, एवढाच त्यांच्या पत्नीचा, ज्योत्स्नाबाईंचा हट्ट होता.

सोपानचा हात माउसवरच थबकला. "करतो की. आप्पांच्या कानावर घालतो अन् करतो. तुमी तर घरचंच माणूस."

सोमवारी संघपालांनी बारामतीला घरच्या संगणकावर कॅलेंडर उघडले. इंदापूरच्या रकान्यात तीस मे लाल होती. इंटरनेटची जोडणी तोडून त्यांनी फोन लावला.

"सोपान, तीस मे कुणी घेतली?"

"गेली बगा कालच. लई मोठी पार्टी हाय."

"नाव?"

"आता नाव कसं सांगू, संघपालराव? झाकून ठिवायचं तुमीच शिकवलंत न्हवं?" पलीकडे कोणीतरी फिसकन हसले.

"यंदा अधिक ज्येष्ठ आहे, सोपान. सोळा मे ते तेरा जून धोंड्याचा महिना, एकही मुहूर्त नाही. तुमच्यातलं कोण लग्न लावतंय त्यात? आम्हा बौद्धांना मुहूर्त बघायचा नसतो, म्हणून तर ती मोकळी तारीख मागितली."

पलीकडचे हसू थांबले. तारीख लाल करताना एवढी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

"असंल कुणाचं कायतरी," सोपान म्हणाला. "कशाला खोलात शिरता?"

"बरं, मग तेवीस द्या."

"बगतो."

तासाभराने तेवीसही लाल झाली. दिवेलागणीपर्यंत धोंड्याच्या महिन्यातली एकही चौकट पांढरी उरली नाही.

दिशा पाठीमागे उभी राहून पाहत होती. "बाबा, हे तुम्हीच बसवलंय ना? मग स्वतःला लिहायचा अधिकार द्या आणि घाला माझं नाव."

अधिकारांचा तक्ता समोर उघडाच होता. एक खूण केली की झाले असते. संघपाल त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिले.

"नाव चढेल गं," ते शेवटी म्हणाले, "पण किल्ली सोपानच्या कमरेला असते."

त्यांनी तक्ता मिटला. आतून ज्योत्स्नाबाईंनी विचारले, "पत्रिकेवर स्थळ काय घालायचं?"

लग्न तीस मेलाच लागले, विहारासमोरच्या पटांगणात, तापलेल्या मांडवाखाली. आशीर्वाद देऊन पाहुणे सावली शोधत पांगले. दुपारी ज्योत्स्नाबाईंना भोवळ आली.

सोळा मे ते तेरा जून, इंदापूरच्या कार्यालयात लागलेली लग्ने : शून्य.